पहिल्या टाकीचं माप

"…पण नवशिक्यानं कमीत कमी केवढी टाकी घ्यावी, एवढंच सांगा. पुढचं मी बघतो."

हळबे साहेब हे तिसऱ्यांदा विचारत होते.

दस्तगीर चाचा टाकीची काच पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

इचलकरंजीच्या एका गल्लीत चाचांची शेड आहे. पूर्वी तिथं माग चालायचे. माग गेले तेव्हा रिकाम्या जागेत चाचांनी माशांच्या टाक्या मांडल्या, त्याला आता तीस वर्षं होत आली. ते मासे विकत नाहीत. ज्याच्या हातात जगतील असं वाटेल, त्याला देतात. लोक लांबून येतात आणि बरेचसे रिकाम्या हातानं परत जातात.

हळबे साहेब एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त इंजिनिअर. नोकरीत असताना त्यांनी अकरा पूल बांधले आणि एकालाही तडा गेला नाही, हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. त्यांच्या पिशवीत काचेचं एक गोल भांडं होतं. ते त्यांनी बाहेर काढून ठेवलं.

यात किती मेले, असं चाचांनी विचारलं.

"तीन."

मग साहेबांनी सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नीला, कुमुदिनीबाईंना, दिवाळीत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर त्या छताकडे बघत पडून असायच्या. त्यांच्या नजरेसमोर काहीतरी हलतं, जिवंत असू दे, असं डॉक्टरांनी सुचवलं. म्हणून साहेबांनी उशाजवळच्या स्टुलावर मावेल असं हे चार लिटरचं भांडं आणलं. पहिले दोन मासे चौथ्या दिवशी उलटे झाले. मग त्यांनी एकच आणला, रोज सगळंच्या सगळं पाणी बदललं. तोही नवव्या दिवशी गेला, बाई बघत असताना. त्यांनी डाव्या हातानं चादर तोंडावर ओढून घेतली.

"तिला पुन्हा तसं काही दिसता कामा नये," साहेब म्हणाले. "म्हणून लहानापासून सुरुवात करायची. हात बसला की मोठी टाकी. आम्हीही आधी रस्त्याखालच्या मोऱ्या बांधल्या, मग पूल."

"लहान पाण्यात चूक लहान होते?"

"अर्थात."

…

चाचांनी फडकं बाजूला ठेवलं. खिडकीत एक छोटी टाकी होती, त्या गोल भांड्याहून थोडीच मोठी, आत एकच मासा. भिंतीशी चार फुटी टाकी होती. चाचांनी खाद्याचा डबा साहेबांच्या हातात दिला आणि दोन्हींत खायला घाला म्हणाले.

साहेबांनी दोन्हींत मोजून सारखी चिमूट टाकली. मासे वर आले, गपागप खाऊ लागले. बिचारे उपाशी दिसतात, असं वाटून त्यांनी आणखी एकेक चिमूट टाकली. मग थोडं थांबून आणखी एक.

चाचा बघत होते. उद्या या, एवढंच म्हणाले.

साहेबांना राग आला. एका साध्या प्रश्नासाठी जयसिंगपूरहून दुसरी खेप. पण ते आले.

चार फुटी टाकीत कालच्यासारखेच मासे फिरत होते. पाणी नितळ होतं.

खिडकीतल्या टाकीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. वास येत होता. आत मासा नव्हता.

साहेबांनी वाकून टाकीचा तळ पाहिला.

"मेला?"

चाचांनी दुसऱ्या एका टाकीकडे बोट दाखवलं. तुम्ही गेलात तसा लगेच हलवला, म्हणाले.

"मी जास्त घालत होतो, हे तुम्हाला दिसत होतं. मग थांबवलं का नाही?"

"घरी कोण थांबवणार होतं?"

…

"हात तोच होता, साहेब," चाचा म्हणाले. "चिमूटही तीच. मोठ्या पाण्यानं ती पोटात घातली."

साहेब खाली बाकावर बसले. मग ही छोटी टाकी कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. माझ्यासाठी, चाचा म्हणाले. आणि तीस वर्षांनीसुद्धा मला ती जड जाते.

हळबे साहेब मूळचे शिकणारे गृहस्थ. पटलं की त्यांना दम निघत नसे. त्यांनी खिशातून वही काढली आणि ठरवून टाकलं. मोठंच पाणी हवं ना, मग थेट पाच फुटी. अडीचशे-तीनशे लिटर. प्रश्न मिटला.

चाचांनी कोपऱ्यातल्या दोन बादल्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच ताजं घालायचं, असं त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी नळाच्या पाण्यानं भरून ठेवलेला हौद अंगणात होता. आज चार फुटीचा दिवस आहे, तुम्हीच करा.

साहेबांनी बाह्या वर केल्या. पहिल्या दोन खेपा ताठ मानेनं झाल्या. तिसऱ्या खेपेला पाणी पायावर सांडलं. चौथ्या खेपेला ते अंगणातच थांबले आणि हौदाच्या कठड्याला धरून उभे राहिले.

चाचांनी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि राहिलेलं पाणी स्वतः भरलं.

दर आठवड्याला, चाचा सहज बोलल्यासारखं म्हणाले. तुम्हाला ताप आला तरी. बाईंना दवाखान्यात न्यायचं असलं तरी.

…

मग दोघं बसले आणि हिशोब केला. साहेबांना न दमता अठरा-वीस लिटर नेता येत होतं. म्हणजे सत्तर-ऐंशी लिटरची टाकी. लांबी दोन फूट, उंची सव्वा फुटाच्या आत. त्यात सहा-सात छोटे मासे, त्याहून जास्त नाहीत.

"माशाचं माप सगळे घेतात," चाचा म्हणाले. "आधी आपल्या हातून केवढी चूक होईल, तिचं माप घ्यावं. आणि मग आपल्या खांद्याचं."

एवढं वजन स्टुलावर राहील का, हे मात्र चाचांनीच साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा उजळला. पाणी सत्तर किलो, काच आणि वाळू धरून शंभरच्या घरात. स्टूल चालणार नाही, लोखंडी चौकट हवी, चारही पाय एका पातळीत, खाली फरशी पोकळ नाही ना ते ठोकून बघायला हवं. चाचा मांडी घालून ऐकत होते. मधेच त्यांनी एक शंकाही विचारली.

निघताना साहेबांनी माशांसाठी पिशवी पुढे केली. चाचांनी त्यात आपल्या जुन्या टाकीच्या गाळणीतला स्पंजाचा ओला तुकडा घातला. दुधाला विरजण लावतात तसा हा पाण्यात सोडा, म्हणाले. नवं पाणी कच्चं असतं, घाण पचवणारे जंतू त्यात धरेपर्यंत वीस-एक दिवस मुरू दे.

"तोवर तिनं काय बघायचं? नुसतं पाणी?"

चाचांनी स्पंजाच्या पिशवीला गाठ मारून दिली.

टाकी आली. पलंगाच्या डाव्या अंगाला जागा होती, तिथं चौकट बसली. साहेबांनी वाळू पसरली, दोन रोपं लावली. पाणी आधी गढूळ झालं, मग निवळत गेलं. आठव्या दिवशी एका रोपाला कोवळं पान फुटलं. ते साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. कुमुदिनीबाईंनी बोटानं काचेवर टकटक करून दाखवलं.

बाविसाव्या दिवशी साहेब शेडवर गेले. चाचांनी साहेबांच्या वहीतल्या रोजच्या नोंदी न वाचताच सहा गप्पी मासे दिले, सगळे नर.

त्यानंतर तीन महिने साहेब आले नाहीत.

आले ते सकाळच्या पहिल्या बसनं. चाचा चहा घेत होते. त्यांनी दुसरा कप मागवला.

साहेबांनी सांगितलं ते असं. गेल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात होते. खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत गेले तर कुमुदिनीबाई पलंगावर कुशीवर वळलेल्या. झटका आल्यापासून त्या आपल्या आपण कधी वळल्या नव्हत्या. डाव्या हातानं त्यांनी चौकटीवरचा खाद्याचा डबा घेतला होता, झाकण दातांनी काढून खाली टाकलं होतं आणि टाकीत खायला घातलं होतं. डबा कलंडला. अर्धा डबा पाण्यात गेला होता.

साहेबांनी सापडेल तेवढं जाळीनं काढलं. रात्रीपर्यंत पाणी पांढरं झालं. चार दिवस ते रोज दोन बादल्या बदलत राहिले. पाचव्या दिवशी पाणी निवळलं. पाच मासे वाचले, एक गेला. गेलेला मासा आधी बाईंनीच पाहिला आणि त्यांनी साहेबांना जाळीकडे खूण केली.

चाचांनी चहा बशीत ओतला.

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"काही नाही…" साहेब म्हणाले. "छोटा डबा आणला. तिला उघडता येईल असा. हाताशी ठेवला."

…

चाचांनी बशीतला चहा संपवला.

"मग टाकी पुरेशी मोठी आहे, साहेब."