नव्या पालखीचं वजन

"भोई चारच! पाचवा दिसला, तर सोनबा सुताराची सगळी हत्यारं सरकारजमा!" उमरगडच्या राजे रणधीररावांनी हुकूम सोडला आणि दसऱ्याच्या नव्या पालखीची यादी सोनबापुढे टाकली.

यादी कसली, अख्खा संसारच होता तो! दिवाणजींना पालखीत दप्तराची शिसवी पेटी हवी होती. सेनापतींना बाणांपासून बचावासाठी लोखंडी पत्रे हवे होते. उमरगडावर शेवटचा बाण राजांच्या पणजोबांच्या वेळी आला होता, पण काळजी घेतलेली बरी! शास्त्रीबुवांना पितळी देव्हारा, आणि खुद्द महाराजांना चार कोपऱ्यांवर चांदीचे चार सिंह. भोयांना काय हवंय, हे विचारायचं मात्र कामाच्या गडबडीत राहून गेलं होतं.

सोनबा घरी आला आणि रंध्यावर हात ठेवून मटकन खाली बसला. "हौसे, दसऱ्याला आपली हत्यारं गेली म्हणून समज. ही पालखी उचलायला हत्ती लागंल!"

हौसा त्याची एकुलती एक लेक. बापाच्या हाताखाली करवत धरतच वाढलेली. ती हत्यारं गेली तर खायचं काय? पण तिनं यादी दोनदा ऐकली आणि म्हणाली, "आबा, सागवानाला हात लावू नका. आधी बांबूचा सांगाडा करू. लाकूड कापल्यावर चूक कळून काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी ती सुतळी घेऊन वाड्यावर गेली आणि मागणी करणाऱ्या एकेकाच्या खांद्याची उंची मोजू लागली.

"नव्या अंगरख्याचं माप दिसतंय," दिवाणजी छाती फुगवून म्हणाले. ते ठेंगणे, म्हणून हळूच टाचाही उचलल्या.

"टाचा खाली, दिवाणजी," हौसा म्हणाली. "माप चुकलं तर तुम्हालाच जड जाईल."

दसऱ्याच्या आठ दिवस आधी बांबूचा सांगाडा वाड्याच्या अंगणात आला. यादीतल्या प्रत्येक वस्तूच्या वजनाइतकी रेती वेगवेगळ्या पोत्यांत भरून जागच्या जागी बांधलेली. मधल्या बैठकीवर आणखी एक भलंमोठं पोतं.

"हे काय? आमचे सिंह कुठे आहेत?" राजे कडाडले.

"सिंह या पोत्यांत हायेत, महाराज. उचलून बघू, मगच चांदी वितळवू."

"मग बोलाव भोयांना!"

"भोयांनी यातलं काहीच मागितलं न्हाई, सरकार. ज्यांनी मागितलं, त्यांच्याच खांद्यांना दांडी बेतलीय. दिवाणजींच्या बाजूला दांडीखाली उशीसुद्धा लावलीय!"

अंगरख्याच्या आशेनं पुढं आलेल्या दिवाणजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. राजांना गंमत वाटली. "घ्या, घ्या! उचला!" ते टाळी वाजवून म्हणाले. "पण हे तर तिघेच. चौथा कोण?"

"सिंहांचा मालक, महाराज. त्यांचं माप शिंप्याकडनं आणलंय."

सोनबानं डोळेच मिटून घेतले. पण राजे पडले हट्टी. त्यांनी अंगरखा खोचला आणि दांडीखाली खांदा घातला. "उमरगडचा राजा असल्या पोत्यांना भीत नाही! उचला!"

पालखी वीतभर उठली आणि दहा पावलांत दिवाणजी किंचाळले, "पेटी काढा! दप्तर कचेरीतच बरं!" पंधराव्या पावलाला सेनापतींना आठवलं की उमरगडाला शत्रूच नाही. विसाव्याला शास्त्रीबुवा धापा टाकत म्हणाले, "देव... देव अंतःकरणात असतो!" हौसा शांतपणे एकेक पोतं सोडत गेली. राजे घामाघूम झाले, तरी आणखी पाच पावलं ओढलीच.

"सिंह... जाऊ दे सिंहांना रानात!" अखेर तेही ओरडले.

सिंहांची पोती उतरली. राजांनी पुन्हा जोर लावला आणि परत वाकले. "अगं पोरी, यादीतलं सगळं गेलं! तरी ही अजून एवढी जड कशी? त्या मधल्या पोत्यात आहे तरी काय?"

हौसानं पदर सावरला. "गेल्या महिन्यात आपल्या वाढदिवसाची तुळा झाली, महाराज. तेव्हा जेवढा गूळ लागला, तेवढी रेती हाय त्यात. आता आत फक्त आपणच आहात!"

राजांनी एकदा पोत्याकडं पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडं, आणि असे हसत सुटले की पालखी खाली ठेवावी लागली.

"दिवाणजी, लिहा!" डोळे पुसत ते म्हणाले. "भोई चार नाहीत, सहा! यादी फाडा. सोनबाची हत्यारं सोनबाकडेच, आणि वाड्याची सुतारशाळा आजपासून हौसाच्या ताब्यात!" त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातावर ठेवलं, खांदा चोळला आणि हळूच विचारलं, "आणि एवढा गूळ खरंच लागला होता का गं?"

"थोडा कमीच धरलाय, महाराज," हौसा म्हणाली. "राजाचा मान राखायला नको?"