पितळेची चिमी

एका राज्यात असा एक राजा होता, ज्याला नकार म्हणून सोसत नसे. त्याने मांत्रिकाला आज्ञा केली, "कधी नाही म्हणणार नाही, अशी प्रजा दे."

मांत्रिक हसला. त्या दिवसापासून राज्यात कुणाची कूस उजवली नाही. मात्र दारोदारी, राजाच्या महालातही, पितळेचं एकेक मूल येऊन उभं राहिलं. पाठीत किल्ली, डोळ्यांना पापणी नाही.

लोकांनी ती पोरं पोटच्यासारखी वाढवली. महालाजवळच्या आळीत मागावर बसणाऱ्या हौसाने नि तिच्या नवऱ्याने, दादूने, आपलीचं नाव चिमी ठेवलं, तीट लावली, खेळायला बाहुली दिली. कान टोचताना पितळ वाजलं, तरी टोचले. चिमी सांगाल ते करी. बस म्हटलं की बसे. ऊठ म्हणायचं राहिलं, तर सकाळीही तिथेच, डोळे उघडे.

मग एकदा डोंगरावरून शीळ आली. गावातली सगळी पोरं एकदम डोंगराकडे वळली. दुसऱ्या शिळेला उंबऱ्यापर्यंत गेली.

अंगणातली साळुंकी बोलली, "हौसा, तिसऱ्या शिळेला ती मांत्रिकाची होतील. नाही म्हणेल तीच राहील."

"चिमे, नाही म्हण."

"नाही," चिमी म्हणाली.

"अगं वेडे, हेही तिनं तुझं ऐकलंच की!" साळुंकी म्हणाली.

भरदुपारी हौसाने चिमीला विहिरीवर नेलं.

"घागर टाक."

टाकली.

"तुझी बाहुली टाक."

चिमीने बाहुलीकडे पाहिलं. टाकली.

हौसा काठावर पाठमोरी उभी राहिली. "आता मला ढकल."

गार तळवे पाठीला टेकले. किल्ली करकरू लागली. हौसाचा एक पाय काठावरून सुटला, आणि मागे काहीतरी कडकन मोडलं. लुगड्याला हिसका बसला.

"नाही, आये."

किल्ली दगडावर पडली होती. लुगडं धरलेली मूठ ऊन होती.

तेवढ्यात तिसरी शीळ आली. पोरं निघाली, पुढे पितळी राजपुत्र. चिमी वाटेत आडवी झाली नि ओरडली, "नाही!"

आपल्यातलं कुणी असं म्हणतं, हे त्यांनी प्रथमच ऐकलं. एक थांबलं. मग दुसरं. "नाही, नाही," करत सारा रस्ता घुमला. किल्ल्या गळाल्या, पापण्या फुटल्या. डोंगरावर शीळ चिरकली आणि मांत्रिक तोंडाशी बोटं धरून पितळेचा झाला. अजून तसाच उभा आहे.

राजा धावत आला. "बाळा, महालात चल."

"नाही!" राजपुत्र म्हणाला, आणि राजाने त्याला छातीशी धरलं.

त्या वर्षी राज्यात पाळणे हलले.

पण त्याच दिवशी संध्याकाळी हौसाने हाक मारली, "चिमे, जेवायला ये."

"नाही! आधी माझी बाहुली दे."

दादू बिचारा दोर घेऊन विहिरीत उतरला.

हौसाचं घर जसं हट्टानं भरलं, तसं तुमचंही भरो.