धुरपदामायचं तोरण

फार वर्षांपूर्वी, वडजांब गावाची वेस अजून धड उभी होती तेव्हा, वेशीबाहेरच्या वस्तीत धुरपदामाय राहायची. ती दोर वळायची. तिचा दोर नुसता बघूनच बैलचोर माघारी जायचे, असं म्हणतात.

पोळ्याचं तोरणही तीच वळायची आणि वेशीवर तीच बांधायची. गावातले बैल त्याच्याखालून वाजतगाजत जायचे. वस्तीतले बैल मात्र मागच्या ओढ्यानं, चिखल तुडवत. तोरण ज्यांच्या हातचं, त्यांच्याच बैलांना तोरण नाही! गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. गावाला पुरणपोळी वेळेवर मिळत होती ना.

मायचा बैल भुऱ्या. जन्मभर दुसऱ्यांची रानं नांगरून तो म्हातारा झाला होता, पुढचा पोळा काही बघणार नव्हता. मायचा जीव तुटायचा. तिनं व्यंकट पाटलांना विनवलं, की सगळ्यांच्या शेवटी का होईना, एकदा माझ्या भुऱ्याला तोरणाखालून जाऊ द्या. पाटील म्हणाले, तशी रीत नाही. माय बरं म्हणून घरी आली.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून, झुली घालून गाव वेशीत जमलं, तर वर तोरणच नाही! ते होतं वस्तीच्या तोंडाशी, दोन कडुलिंबांच्या मध्ये. पाटलांनी गडी धाडला. माय शांतपणे म्हणाली, "तोरण बांधायचं माझ्याकडं हाय. कुठं बांधायचं, हे कधी कुणी सांगितलंच नाही."

आता ते सोडून आणायचं कुणी? मायच्या हातच्या दोराला गावातलं कुणी शिवेना, विटाळ व्हायचा. वस्तीतल्यांचे हात नेमके त्याच दिवशी दुखत होते. आणि तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, पोळा फुटल्याशिवाय बैलाला नैवेद्य नाही, बैलाआधी माणसानं जेवायचं नाही. पुरणाचा वास पार वेशीपर्यंत येत होता. ऊन कलायला लागलं तशी गावाची रीत ढिली पडली आणि अख्खं गाव ताशासकट वस्तीकडं निघालं.

तोरणाखाली ऐन मधोमध भुऱ्या बसलेला. चुचकारलं, शेपटी पिरगाळली, हलेना. पाटलांच्या मानाच्या बैलानं त्याच्याकडं पाहिलं आणि तोही शेजारी बसला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. सगळा पोळाच खाली बसला, असं म्हणतात.

माय म्हणाली, "पाटील, जन्मभर सगळ्यांनी त्याला मागं हो म्हणलंय. तुमी एकदा पुढं हो म्हणा."

पाटलांच्या पोटात कावळे ओरडत होते. फेटा सांभाळत ते वाकले आणि बैलाच्या कानात म्हणाले, "हो बाबा पुढं."

भुऱ्या उठला आणि गोऱ्ह्यासारखा उड्या मारत तोरणाखालून गेला. माय तेव्हा कुठं रडली. तोरणातल्या आंब्याच्या पानांना त्या क्षणी मोहर आला, असंही म्हणतात. पण ते पुरणपोळी जास्त झालेल्यांचं म्हणणं असावं.

आता वेस पडली, ओढा बुजला. वडजांबचं तोरण मात्र अजून त्या दोन लिंबांनाच बांधतात. पहिला मान गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बैलाचा, मग तो कुणाचाही असो. पाटलांच्या घरातलं माणूस वाकून त्याच्या कानात "हो बाबा पुढं" म्हणतं. तोवर वडजांबात कुणी पुरणपोळीला हात लावत नाही.