तहानलेल्यांचा पक्ष

मुलांनो, सागाच्या एका जंगलात अंगभर काट्यांची एक साळू राहत असे. तिथल्या पाणवठ्यावर वाघाचा कायदा चाले. प्रत्येक कळपाने आपापल्या रंगाची माती कपाळाला लावायची आणि आपल्याच घाटावर प्यायचे. हरणांची तांबडी, रानडुकरांची काळी. घाटांवरून त्यांची रोज जुंपायची, आणि खोल पाणी मात्र वाघाला नि त्याच्या सोयऱ्यांना! एकदा एक लंगडे रानडुक्कर चुकून हरणांच्या घाटावर उतरले. एका हरणाने त्याला सरळ शिंगांवर घेतले. साळूच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने तिथेच आपले कपाळ खसाखसा पुसले. "पाणी तहानलेल्यांचं! आजपासून आमचा पक्ष तोच."

"पक्ष? अगं, आहात किती?" वाघाचा निरोप्या कोल्हा खो खो हसला.

"दोघं. मी आणि हा लंगडा. तुला काय करायचंय?"

मग घोरपड आली, ससा आला. कपाळाला माती नाही म्हणून पाणवठा बंद झाला, तेव्हा त्यांनी कोरड्या ओढ्यात झिरा खणायचे ठरवले. कुठे खणायचे यावरच दोन दिवस सभा चालली. घोरपडीने तर तीनदा राजीनामा दिला! पण तिसऱ्या दिवशी पाणी लागले, आणि बघता बघता पक्ष चाळीसांवर गेला. तसा कोल्हा गोड हसत आला. "साळूताई, वाघोबा खूश आहेत. तुमच्याच झिऱ्याची माती कपाळाला लावा, पाणवठ्यावर तुम्हालाही घाट मिळेल." बरेच जण पाघळले. "आपलीच तर माती!" ससा म्हणाला. साळूने काटे फुलवले. "कपाळ बघूनच पाणी द्यायचं, तर नखं झिजवून हे खणलं कशाला? जायचं त्यांनी खुशाल जावं!" तीस-पस्तीस जण गेले. ससाही गेला. साळूला रडू आले, पण ती झिऱ्यावरून हलली नाही.

ऐन वैशाखात पाणवठा आटत आला आणि उरलेले खोल पाणी स्वतःला ठेवून वाघाने सगळे घाट बंद केले. झिऱ्यावर पहिले आले ते तेच हरीण, कपाळाला तांबडी माती तशीच. लंगड्या डुकराला पाहून ते थबकले. "मी... कुठल्या घाटावर उतरू?"

डुक्कर बाजूला सरकले. "इथं घाटच नाही. ये, पी."

दुसऱ्या दिवशी कोल्हा हुकूम घेऊन आला, "झिरा बुजवा!" साळू जागची उठली. तिच्यामागे डुक्कर, हरीण, घोरपड, परत आलेला ससा, ओढ्याच्या वळणापर्यंत सगळे उभे राहिले.

"झिरा बुजणार नाही," साळू म्हणाली. "आणि आहोत किती, ते स्वतः येऊन मोजा म्हणावं वाघोबांना!"

तात्पर्य : थोडे राहिलो तरी चालेल; पण जे मोडायला उभे राहिलो, तेच आपल्या नावाने पुन्हा मांडू नये.