खिंडीतला बाजार

“मग काय, आम्ही वांगी गुरांना घालायची का, भंतेजी?”

प्रज्वलानं हातातली लाठी विहाराच्या पायरीवर आपटली. शहराच्या वाटेवरच्या खिंडीत दोनदा बायांची मंगळसूत्रं ओढली गेली, तेव्हापासून शहरातलं गिऱ्हाईक गावच्या बाजाराकडं फिरकेना. आजही कुणी आलं नाही, तर बाया बाजार मोडून सगळा माल दलालाच्या गाडीत टाकणार होत्या. तिच्या आईची वांगीसुद्धा.

“तू काय केलंस?” भंते शीलरत्नांनी विचारलं.

“खिंडीत पोरं उभी केलीत. लाठ्या, शिट्ट्या, सगळं! शेतकी कॉलेजात काय उगाच शिकले?”

“मग?”

“आता दुप्पट पोरं हवीत. तुम्ही गावाला सांगा. म्हातारे माझं ऐकत नाहीत.”

“मीही म्हाताराच आहे...”

“तेच तर!”

भंते हसले. चीवर सावरत उठले.

“आईची पाटी घे डोक्यावर. चल, बघू.”

खिंडीत पोरं लाठ्या रोवून उभी होती. तेवढ्यात शहराकडून एक स्कूटर आली. मागं बसलेल्या बाईनं लाठ्या पाहिल्या आणि गळ्यावर पदर ओढला. नवऱ्यानं गाडी वळवली.

प्रज्वलानं पाटी भंतेंच्या हाती दिली आणि ती लाठी उंचावून धावली. “ओ ताई! थांबा! भिऊ नका!”

स्कूटर आणखी जोरात पळाली.

प्रज्वला थबकली. आपल्याच हातातल्या लाठीकडं बघत राहिली...

मागं वळली तर भंते मांडी घालून बसलेले. ऐन वळणावर, जिथं मंगळसूत्रं गेली तिथंच. पुढ्यात वांग्यांची पाटी.

“इथं? भंतेजी, इथंच तर...”

“हं.”

मग ती अंगात वीज शिरल्यासारखी ओरडली, “टाका रे त्या लाठ्या! पळा गावात! सगळ्या बायांना म्हणावं, पाट्या उचला. आज बाजार खिंडीत!”

बाया आल्या त्या भांडतच.

“सावलीत मी बसणार गं!”

“का? खिंड तुझ्या सासऱ्याची?”

मेथी, मिरच्या, काकड्या... बघता बघता वळण हिरवंगार झालं. हसण्यानं खिंड दणाणली.

शहराकडून पुन्हा गाडीचा आवाज आला. प्रज्वलानं सवयीनं मूठ आवळली. हातात लाठी नव्हती.

“भंतेजी... चोरच असले तर?”

भंतेंनी वांग्यांवर पाणी शिंपडलं.

“त्यांच्याही घरी चूल असेल. ताजी बघून दे.”