अकरा दाणे आणि एक शिडी

नदीकाठच्या एका गावात तुळाजी नावाचा कष्टाळू माणूस राहत होता. कष्टाळू असं मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला आळशी म्हणाल. शेतात तो दिवसभर राबायचा. पण घरातलं काही मोडलं, की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "आधी ते होऊ दे, मग हे."

त्याच्या बायकोचं, ठकूबाईचं, एकच मागणं होतं. घरामागे परसबाग करायची. तिच्या आईने जाण्यापूर्वी तिला घेवड्याची मूठभर बी दिली होती, जांभळ्या ठिपक्यांची. माहेरी आता तो घेवडा कुणीच लावत नव्हतं. ठकूबाईने बी राखेत घोळवून लोटक्यात जपून ठेवली. दरवर्षी ती बियांना ऊन दाखवायची आणि दरवर्षी किडके दाणे जास्त निघायचे. तिसऱ्या वर्षी चांगले असे अकराच उरले. ते ओंजळीत घेऊन बसली आणि तिला रडू आलं. हे अकरा गेले की आईच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

मग तिने डोळे पुसले. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तरी बघू, असं म्हणून ती नवऱ्यापाशी गेली.

"अहो, परसबाग का होत नाही?"

"कुंपणाशिवाय? शेळ्या एका दिवसात फस्त करतील."

"मग कुंपण का होत नाही?"

"काट्या तोडायला कुऱ्हाड नको का? आपली तर दांड्यातून निसटते."

"हैबती सुतार शेजारीच राहतो. त्याच्याकडून पाचर ठोकून आणा."

तुळाजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

"त्याच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? कौलं बदलायला त्याची शिडी आणली होती ना, तिची पायरी माझ्या पायाखाली मोडली. नवी पायरी बसवून मगच शिडी परत करावी म्हणतो."

"मग बसवा की."

"बाभळीची फांदी तोडावी लागेल. आणि कुऱ्हाड तर..."

तो बोलता बोलता थांबला. ठकूबाईला राग यायला हवा होता, पण आलं हसू. तीन वर्षं हा माणूस घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी फिरत होता. तिच्या मनात मात्र वेगळंच कोडं पडलं. सुताराने तीन वर्षांत आपली शिडी एकदाही मागितली कशी नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुऱ्हाड उचलली आणि तुळाजीच्या खांद्यावर शिडी दिली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, हे तिने घरूनच ठरवलं होतं. हैबतीच्या दारात उभं राहून तिने सरळ सांगितलं, "भावजी, शिडीची पायरी आमच्याकडून मोडली."

हैबतीने मान खाली घातली.

"वहिनी, ती पायरी दिली तेव्हाच तडकलेली होती. सांगायचं राहून गेलं. दादा पडता पडता वाचले असं कानावर आलं आणि मला तोंड दाखवायची लाज वाटली. तेव्हापासून दादा दिसले की मी वाट बदलतो."

"मीही," तुळाजी म्हणाला.

विडा लावायला जितका वेळ लागतो तितक्यात पाचर ठोकून झाली. चौथ्या दिवशी कुंपण उभं राहिलं आणि ठकूबाईने अकरा दाणे पेरले.

दहा दिवसांनी एकच कोंब वर आला. तुळाजीने बोटाने माती उकरून पाहिली, तर बाकीचे दहा कुजले होते.

"पहिल्याच वर्षी गेलो असतो तर?" त्याने विचारलं.

ठकूबाई त्या एकट्या वेलाला काटकीचा आधार देत होती.

त्या वर्षी घरात घेवड्याची भाजी झाली नाही. एकूण एक शेंग बियाण्यासाठी वेलावरच वाळू दिली. पुन्हा मूठभर बी जमली, तेव्हा ठकूबाईने तिच्यातली अर्धी हैबतीच्या घरी नेऊन दिली.

तात्पर्य: कितीतरी कामं अवजारावाचून अडत नाहीत, चूक कबूल करायच्या लाजेपायी अडतात, आणि आपली लाज जाईपर्यंत बी काही थांबत नाही.