खेकडूताईचा मऊ चिखल

कान इकडे करा बरं. ही गोष्ट आमच्या गावच्या ओढ्याची.

मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा ओढ्यात चिखल होता. अहाहा, काय तो चिखल! मऊ मऊ. गार गार. पाय घातला की फुस्स! बेंदूर आला, बैलांचा सण आला, की आम्ही त्याचेच बैल करायचो.

त्या चिखलात राहायची खेकडूताई. एवढीश्शी. तिच्या पोटाखाली इवली इवली पिल्लं.

एक दिवस काय झालं? चिखल काळा झाला. चिकट झाला. ताईचे पाय जळजळले.

"आई गं! गेला माझा मऊ चिखल! आता पिल्लं ठेवू कुठं?"

ताई निघाली. तुरू तुरू, आडवी आडवी. ओढ्याला म्हणाली,

"ओढेदादा, ओढेदादा!
चिखल जळजळतो,
पिल्लं ठेवू कुठं?
चिखल धुऊन दे ना!"

"खळखळ खळखळ! मी नाही धुणार. धुतलं की पुन्हा घाण येते. आधी काठावरच्या लव्हाळ्याला सांग, घाण अडव म्हणावं."

तुरू तुरू, आडवी आडवी. ताई गेली लव्हाळ्याकडे.

"लव्हाळेदादा, लव्हाळेदादा!
ओढा धूत नाही,
चिखल जळजळतो,
पिल्लं ठेवू कुठं?
घाण अडव ना!"

"सळसळ सळसळ! मी नाही अडवणार. तात्या शेतात औषध मारतात, ते थेट काठापर्यंत. माझी मुळंच करपली बघ. आधी तात्यांना सांग, काठ सोडा म्हणावं."

तुरू तुरू, आडवी आडवी. ताई गेली तात्यांच्या शेतात. तात्यांच्या पाठीवर औषधाचा पंप.

"तात्या, तात्या!
लव्हाळा अडवत नाही,
ओढा धूत नाही,
चिखल जळजळतो,
पिल्लं ठेवू कुठं?
काठ सोडा ना!"

"फुस फुस! मी नाही सोडणार. घाण काय माझ्या एकट्याची आहे होय? वर सुबरावमामाचं गॅरेज आहे. त्याचं काळं तेल येतं ते? आधी त्याला सांग, तेल थांबव म्हणावं."

हं! सगळ्यांचं बोट दुसऱ्याकडे. ताई बिचारी चालतेय आपली. तुरू तुरू, आडवी आडवी.

"मामा, मामा!
तात्या काठ सोडत नाहीत,
लव्हाळा अडवत नाही,
ओढा धूत नाही,
चिखल जळजळतो,
पिल्लं ठेवू कुठं?
तेल थांबवा ना!"

"ठाण ठाण! मी नाही थांबवणार. तेल ठेवू कशात? डोक्यावर? आधी हौसाकुंभारणीला सांग, मोठ्ठा रांजण दे म्हणावं."

तुरू तुरू, आडवी आडवी. दमली हो ताई!

"हौसाकाकू, हौसाकाकू!
मामा तेल थांबवत नाहीत,
तात्या काठ सोडत नाहीत,
लव्हाळा अडवत नाही,
ओढा धूत नाही,
चिखल जळजळतो,
पिल्लं ठेवू कुठं?
रांजण दे ना!"

गर गर, गर गर. काकूचं चाक रिकामंच फिरत होतं.

"कुठनं देऊ बाई? काळ्या चिखलाचं मडकं तडकतं. उद्या बेंदूर, आणि एक बैल झाला नाही." काकूनं पदरानं डोळे पुसले. "जुन्यासारखी माती आणतेस?"

ताई बिळात शिरली. खुरूक खुरूक. वर काळं. खुरूक खुरूक. खाली पण काळं. खुरूक खुरूक खुरूक... अगदी तळाशी काय? मऊ मऊ! गार गार! ताईच्या आजीच्या वेळचा चिखल!

किती? नांगीत मावेल एवढाच.

ताईनं तो काकूला नेऊन दिला. काकूनं वास घेतला. "अगं बाई, हाच तो! रांजण नाही व्हायचा एवढ्यात. पण एक बैल होईल."

इवलासा बैल झाला. काकू तो घेऊन गेली मामाकडे. मामानं वास घेतला. ठाण! हातोडा खाली पडला.

"काकू, या चिखलात लोळायचो गं मी! आई मला काठीनं हाकलायची!" मामा हसला आणि रडला पण. मग गॅरेजच्या मागे गेला. तिथं होतं एक रिकामं पिंप. होतं की आधीपासून!

मामानं तेल पिंपात ठेवलं.
मग तात्या लाजले. त्यांनी काठ सोडला.
मग लव्हाळा वाढला. सळसळ सळसळ! त्यानं घाण अडवली.
मग ओढा धावला. खळखळ खळखळ! त्यानं चिखल धुतला.

सगळं काळं गेलं का? नाही गेलं. पण पूर आला, धो धो! काळ्याच्या वर नवा चिखल बसला. मऊ मऊ. गार गार.

ताईनं पिल्लं खाली सोडली. फुस्स! फुस्स! फुस्स!

पुढच्या बेंदराला हौसाकाकू पाटी घेऊन आली. "ताई, घेऊ का थोडा?"

"घे की! माझं दार तेवढं सोड."

उद्या आपण पण जाऊ हं बैल करायला. पाय मात्र हळू टाकायचा. खाली पिल्लं आहेत.